‘डेव्ह’, ‘प्रॉड’ आणि प्रोफाइलची कुळकथा

भिलाईच्या सिव्हिक सेंटरमध्ये बसून कुणी लॅपटॉपवर मेव्हन या जावाच्या बिल्ड-साधनाला ‘स्प्रिंग-बूट रन’ची आज्ञा देतं आणि सोबत ‘डेव्ह’ हे प्रोफाइलचं नाव जोडतं. प्रोग्राम उठतो आणि त्याच लॅपटॉपवरचा छोटा डेटाबेस उघडतो. सर्व्हरवर तोच प्रोग्राम ‘प्रॉड’ या नावानं सुरू केला, की खरा डेटाबेस, खरे ग्राहक आणि खरे पैसे. कोडमधली एक ओळही बदललेली नसते.

ही सोय जावापेक्षा जुन्या घराण्यातून आली. 1979 मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली. तिच्यात स्टीव्ह बोर्न यांचं शेल होतं आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही. माणूस लॉग-इन झाला की शेल त्याची ‘डॉट-प्रोफाइल’ ही फाइल वाचे आणि भोवतालच्या गोष्टी त्याच्या सवयीप्रमाणे मांडून ठेवी. प्रोग्राम सगळ्यांना एकच, मांडणी मात्र ज्याची त्याची.

1996 मध्ये जावा आली ती प्रॉपर्टीज फाइल घेऊनच. 2000 मध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांचं अँट हे बिल्ड-साधन खुलं झालं. त्यात प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी प्रॉपर्टीज फाइल ठेवून बिल्डच्या वेळी हवी ती उचलता येई. ऑक्टोबर 2005 मधल्या मेव्हन 2नं या धडपडीला रीतसर जागा दिली: पॉम या प्रकल्पाच्या मांडणी-फाइलमध्ये प्रोफाइल लिहायचं आणि ‘वजा पी’ लावून निवडायचं.

पण इथेच मोठी चूक रुजली. डेटाबेसचा पत्ता बिल्डच्या वेळीच जारमध्ये, म्हणजे बांधून तयार झालेल्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, कोरला गेला, तर चाचणीसाठी एक जार आणि ग्राहकांसाठी दुसरा, असे दोन जार तयार होतात. म्हणजे जो तपासला तो चालवलाच जात नाही. 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेला भिलाईचा पोलाद कारखाना रेल्वेला रूळ पुरवतो. तिथे एक रूळ तपासून दुसराच गाडीवर चढवला, तर कोण खपवून घेईल?

उत्तर 2011 मध्ये दोन बाजूंनी आलं. हेरोकू या क्लाउड सेवेच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या लेखनात बजावलं, की एकदा बांधलेला प्रोग्राम तसाच राहू द्या, ठिकाणानुसार बदलणारं सगळं बाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. डिसेंबरमध्ये स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कच्या 3.1 आवृत्तीनं प्रोफाइलची निवड बिल्डमधून काढून प्रोग्राम सुरू होण्याच्या क्षणावर आणली. या कुळातला हाच खरा मोलाचा बदल. एप्रिल 2014 मध्ये स्प्रिंग बूट 1.0 आलं. त्यात मूळ ‘ॲप्लिकेशन’ फाइल आधी वाचली जाते आणि ‘ॲप्लिकेशन-डेव्ह’मधली मूल्यं तिच्यावर चढतात.

मेव्हनमधून प्रोग्राम सुरू करणारे नवखे हमखास अडकतात ते दोन सारख्या नावांत. ‘वजा पी’नं निवडलेलं प्रोफाइल मेव्हनचं असतं, स्प्रिंगला त्याचा पत्ताही नसतो. स्प्रिंगसाठी ‘स्प्रिंग-बूट डॉट रन डॉट प्रोफाइल्स’ ही प्रॉपर्टी द्यावी लागते. बूटच्या पहिल्या पिढीत ती नुसती ‘रन डॉट प्रोफाइल्स’ होती, 2018 च्या 2.0मध्ये नाव बदललं. जुनं नाव दिलं तर तक्रार होत नाही, प्रोग्राम मुकाट्यानं ‘डिफॉल्ट’वर उठतो. म्हणून सुरुवातीच्या लॉगमधली सक्रिय प्रोफाइलची ओळ वाचायलाच हवी.

विगिन्स यांचा आणखी एक आक्षेप होता: ‘डेव्ह’, ‘टेस्ट’, ‘प्रॉड’ असे गट केले की नवी ठिकाणं येत राहतात आणि नावं वाढतच जातात. झालंही तसंच. 2020 च्या बूट 2.4मध्ये एका नावाखाली अनेक प्रोफाइल बांधणारे गट आणावे लागले. पासवर्डांना मात्र ‘प्रॉड’च्या फाइलमध्येही जागा नसावी. ते सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून किंवा गुपितं सांभाळणाऱ्या वेगळ्या व्यवस्थेतून यावेत, म्हणजे कोडच्या साठ्याबरोबर ते हातोहात फिरत नाहीत.