हुकूम महाराजांचा, हजेरी मास्तरांची

बडोद्याच्या मराठी घरांत सक्तीच्या शिक्षणाचा विषय निघाला की गोष्ट एका वाक्यात संपते: ‘सयाजीरावांनी हुकूम काढला.’ हुकूम निघाला हे खरंच. पण हुकूम आणि पाटीवर अक्षर गिरवणारं पोर यांच्यामध्ये विद्याधिकारी, इन्स्पेक्टर, हेडमास्तर अशी मोठी साखळी होती. हे टिपण त्या मंडळींबद्दल आहे.

सुरुवात झाली १८९३ मध्ये, तीही राजधानीत नव्हे, तर दूर काठियावाडात. अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत आधी प्रयोग करायचा, असं ठरलं. हरगोविंददास कांटावाला हे शिक्षण खात्यातले अधिकारी या कामात पुढे होते. गुजराती वाचकांना ते ‘प्राचीन काव्यमाले’चे संपादक म्हणून ठाऊक असतात, पण त्यांची हयात शाळाखात्यात गेली होती. सगळ्या राज्यावर एकदम कायदा लादण्याऐवजी दहा गावांत करून बघायचं, यातच शाळा चालवणाऱ्यांचा व्यवहार दिसतो.

कारण खरी अडचण कागदावर नव्हती. मुलांची यादी करायची, गैरहजेरी कळवायची आणि मग पालकाला दंड व्हायचा. ज्या गावात राहायचं त्याच गावाच्या दंडाला आपली हजेरीवही कारण होणार! शेतात राखणीला पोर लागतं, घरी धाकटं भावंड सांभाळायला मुलगी लागते, हे मास्तरांना दिसतच होतं. मधेच १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ पडला. तरीही प्रयोग गुंडाळला नाही. १९०१ मध्ये तो पूर्ण तालुक्याला लागू झाला आणि १९०६ मध्ये सक्ती सगळ्या राज्यात आली. मुलींनाही ती होती, फक्त त्यांची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवली होती. म्हणजे पहिल्या गावापासून राज्यव्यापी कायद्यापर्यंत तेरा वर्षं गेली.

शाळा वाढल्या तसा दुसरा प्रश्न आला, शिकलेले शिक्षक आणायचे कुठून? त्यासाठी पुरुष आणि स्त्री शिक्षकांची ट्रेनिंग कॉलेजं होती. पण त्याहून अवघड प्रश्न पुढचा होता. पोर चौथी-पाचवी करून शेतावर गेलं, हातात पुस्तक पडलं नाही, तर चार वर्षांत सगळं विसरणार. मग दंड, शाळा, पगार सगळं वाया!

याचं एक उत्तर वरून नव्हे, खालून आलं. वसोचे मोतीभाई अमीन हे पेटलादकडचे शिक्षक. त्यांनी १९०६ च्या सुमारास ‘मित्रमंडळ’ नावाने गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली. पुढे १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि राज्याचं ग्रंथालय खातं उभं राहिलं, तेव्हा मोतीभाईंना त्यात घेतलं. ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी पद्धत बसली. एका मास्तराचा उद्योग असा राज्याचं धोरण झाला.

आपल्यासाठी आणखी एक धागा. बोर्डननंतर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकरांकडे आली. १९१२ पासून बडोद्याहून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ त्रैमासिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथालयाचं काम करणाऱ्याला आपल्या भाषेत धंद्याचं वाचायला मिळावं, ही सोय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथे होती.

गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. ब्रिटिश मुलुखात जे ‘अशक्य’ ठरलं, ते शेजारच्या संस्थानात चालू होतं. फरक पैशाचा आणि इच्छेचा होताच. पण बडोद्याच्या मागे तेरा वर्षांचा अनुभवही होता, आणि तो हजेरी मांडणाऱ्यांनी जमवलेला होता.

म्हणून एक विनंती. जुन्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकांत एखादी शाळेची वही, शेरेबुक, बदलीचा हुकूम सापडला तर रद्दीत घालू नका. महाराजांचे पुतळे शहरात आहेत. या मास्तरांचे नाहीत. त्यांचं जे काही उरलंय ते त्या कागदांतच.