अडगाव व गाविलगडच्या लढाया

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील (१८०३–०५) वऱ्हाडच्या दोन प्रमुख लढाया. त्यांतील काही प्रसंग दैवाच्या विपर्यासाची उदाहरणे म्हणून लक्षणीय ठरतात. दौलतराव शिंद्यांनी २३ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी युद्धतहकुबीचा करार केला, तथापि माघारीची अट न पाळल्यामुळे त्यांचे घोडदळ २९ नोव्हेंबरला अडगाव (जि. अकोला) येथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशेजारीच होते. परिणामी तेही पराभवाचे वाटेकरी झाले. लढाईच्या आरंभी इंग्रजांकडील तीन एतद्देशीय पलटणी तोफांच्या माऱ्याने बिथरून पळाल्या. याहून प्रखर मारा त्यांनीच असईला (२३ सप्टेंबर १८०३) धैर्याने सोसला होता. आर्थर वेलस्लीने जातीने त्यांना सावरले व लढाई जिंकली.

पुढे गाविलगडच्या (जि. अमरावती) वेढ्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने सातपुड्यातून वाट काढीत जड तोफा ओढून नेल्या. तोफांनी बाहेरील तटास खिंडार पाडले. आतील तट मात्र अभंग राहिला. १५ डिसेंबरला कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने साध्या शिड्या लावून तो ओलांडला व दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग धारातीर्थी पडला.

दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहान्वये भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गमावला. परंतु गाविलगड व नरनाळा हे किल्ले त्यांच्याकडेच राहिले. ज्या गडासाठी दोन्ही बाजूंचे रक्त सांडले, तो असा एका कलमाने मूळ धन्याकडे परतला. पुढे १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली.