भिंतीवरील साबणपात्र (निवासगृहांतील)

भिंतीवरील साबणपात्र : निवासगृहाच्या स्नानगृहात प्रत्येक पाहुण्यासाठी साबणाची लहान वडी, शॅम्पूची कुपी व अंगास लावावयाच्या लोशनची नळी अशी सुटी सामग्री मांडून ठेवण्याऐवजी, तीच द्रव्ये भिंतीस पक्की बसविलेल्या, दाबताच थोडा थोडा द्रव देणाऱ्या आणि पुनःपुन्हा भरता येणाऱ्या मोठ्या पात्रातून पुरविण्याची योजना. हॉटेल व्यवसायात या पात्रास ‘डिस्पेन्सर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या योजनेचा विचार मुख्यत्वेकरून चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही व त्यास लागून असलेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा पूर्वभाग यांच्या अनुषंगाने केला आहे. महानगरातील टाकाऊ वस्तू निदान कोणाच्या तरी हिशेबात धरली जाते, अरण्याच्या काठावरील गावी मात्र ती जेथे पडते तेथेच राहते, आणि म्हणून या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या सुधारणेचे खरे मोल अशाच ठिकाणी प्रत्ययास येते.

सिंदेवाही हे चांदाफोर्ट-गोंदिया लोहमार्गावरील तालुक्याचे गाव असून भातशेती, भातगिरण्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र यांमुळे ते विदर्भात परिचित आहे. तालुक्याच्या पश्चिमेस व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य लागते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये आणि दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये अस्तित्वात आला; त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौ. किमी. असून त्याभोवती सुमारे १,१०० चौ. किमी. बाह्य क्षेत्र, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘बफर’ म्हणतात ते, पसरले आहे. शिवणीचे वनपरिक्षेत्र या बफरमध्ये मोडते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव यांसारख्या प्रवेशद्वारांभोवती गेल्या काही दशकांत रिसॉर्ट, वननिवास व घरगुती निवासव्यवस्था यांची दाटी झाली. सिंदेवाहीच्या बाजूस ती दाटी विरळ असली, तरी मुक्कामास येणाऱ्यांचा ओघ येथेही आहे. त्यात वाघ पाहावयास आलेले पर्यटक असतात, तसेच तेंदूपत्त्याचे कंत्राटदार, धानाचे व्यापारी, तपासणीस आलेले अंमलदार आणि लग्नाच्या हंगामातील वऱ्हाडीही असतात.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या अमदानीत दौऱ्यावरचा अंमलदार डाकबंगल्यात अथवा वन विश्रामगृहात उतरे, तेव्हा पलंग, मेज, पाण्याचा हंडा व कंदील यांची तजवीज सहसा सरकारातून होई, आणि साबण व पंचा ज्याचा त्याने आपल्या पेटीतून काढावा असा शिरस्ता असे. धर्मशाळेत तर साबणाचा प्रश्नच नव्हता. पाहुण्याच्या हाती प्रवेशताच नवी, सीलबंद, छोटी वस्तू पडली पाहिजे, हा आतिथ्याचा आग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्यामागे स्वच्छतेची हमी हे कारण होते, तसेच हॉटेलच्या नावाची छोटी बाटली पाहुणा घरी घेऊन जाईल व ती आपसूक जाहिरात ठरेल हा हिशेबही होता. वस्तुतः बहुसंख्य बाटल्या घरी जात नाहीत. तीस-चाळीस मिलिलिटरच्या बाटलीतील निम्मा शॅम्पू तसाच राहतो, साबणाची वडी दोन वेळा ओली होऊन मऊ पडते, आणि खोली रिकामी होताच साफसफाईचा मनुष्य ते सर्व एकाच काळ्या पिशवीत ओततो.

त्या पिशवीचे पुढे काय होते, हे पाहिल्यावाचून या विषयाचे आकलन होणे नाही. भंगारवाला वजनावर माल घेतो. पाण्याची रिकामी बाटली त्यास चालते, कारण ती स्वच्छ, हलकी आणि एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. अर्धी भरलेली, चिकट, झाकण एका प्लास्टिकचे व अंग दुसऱ्याचे अशी बोटभर कुपी त्यास नको असते. मोठ्या शहरांतील यांत्रिक निवड केंद्रांतही सुमारे पाच सेंटिमीटरहून लहान वस्तू चाळणीतून खाली पडतात व पुनर्वापराच्या प्रवाहातून बाद होतात. मग लहान ग्रामपंचायतीच्या हद्दीत ती कुपी खड्ड्यात पुरली जाते, जाळली जाते किंवा पावसाळ्यात नाल्याने वाहून माजी मालगुजारी तलावात उतरते. ज्या तलावांवर या तालुक्यातील धान पिकते, त्यांच्याच गाळात ती जाऊन बसावी, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही. वानरे व रानडुकरे कचऱ्याचा खड्डा उकरतात. साबणातील तेलाचा व सुगंधाचा वास त्यांना ओढून आणतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोबाच्या बफरमधील निमढेला-रामदेगी परिसरात ‘भानुसखिंडी’ वाघिणीचा बछडा पाण्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेत असल्याचे चित्रण देशभर प्रसृत झाले. ती बाटली स्नानगृहातली नव्हती, तथापि प्लास्टिक अरण्यात किती आतवर पोहोचते, याचा तो निर्विवाद दाखला होय.

हंगामाचा साधा हिशेब मांडला तरी प्रमाण ध्यानात येईल. गाभा क्षेत्रातील सफारी १ ऑक्टोबर ते ३० जून अशी नऊ महिने चालते. वीस खोल्यांच्या निवासात दर खोलीस रोज तीन कुप्या दिल्या आणि सरासरीने निम्म्याच खोल्या भरल्या असे धरले, तरी एका हंगामात आठ हजारांहून अधिक कुप्या होतात.

जगात या सुधारणेस वेग आला तो २०१९ साली. त्या वर्षीच्या जुलैत इंटरकॉन्टिनेन्टल समूहाने आपल्या सुमारे ८ लाख ४३ हजार खोल्यांतून छोट्या कुप्या हद्दपार करण्याचे जाहीर केले. त्या समूहात वर्षाकाठी सरासरी २० कोटी कुप्या खर्ची पडत होत्या. पाठोपाठ ऑगस्टमध्ये मॅरियटने तोच निर्णय घेतला आणि त्यायोगे वर्षाला ५० कोटी कुप्या, म्हणजे सुमारे ७७० टन प्लास्टिक वाचेल असा अंदाज दिला. कोरोनाच्या साथीने सामाईक वस्तूविषयी भय उत्पन्न केल्यामुळे ही गती काही काळ मंदावली. कायद्याचे पाऊल मात्र मागे गेले नाही : कॅलिफोर्नियात ५० हून अधिक खोल्यांच्या हॉटेलांस १ जानेवारी २०२३ पासून व उरलेल्यांस एका वर्षानंतर मनाई लागू झाली, न्यूयॉर्क राज्यात मोठ्या हॉटेलांवर ती २०२५ च्या आरंभापासून आली, आणि युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन नियमांनुसार १ जानेवारी २०३० पासून तेथील निवासगृहांतूनही या कुप्या जावयाच्या आहेत.

आपल्याकडे कायद्याची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या इत्यादींवर बंदी घातली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठरावीक वस्तूंस मनाई केली. हॉटेलातील शॅम्पूची कुपी केंद्राच्या यादीत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या पर्यटनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या निवासांनी घनकचऱ्याची योग्य विल्हेवाट लावावी असे बंधन आहे. परंतु कचरा मुळातच कमी व्हावा म्हणून स्नानगृहात काय ठेवावे, हे मालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. त्यामुळे मध्य भारतातील ज्या काही वननिवासांनी चिनी मातीच्या बरण्या वा भिंतीवरील पात्रे स्वीकारली, त्यांनी ती कोणत्याही हुकुमावाचून स्वीकारली, हे आवर्जून नोंदविले पाहिजे.

पात्राची रचना साधी असते. तीनशे ते चारशे मिलिलिटरचे, कठीण प्लास्टिकचे किंवा पोलादी पात्र कंसात बसवितात व कंसास कुलूप असते. आतील दट्ट्यावर दाब पडला की झडपेतून ठरावीक थेंब बाहेर येतो. याचे प्रकार दोन : एकात कारखान्यातून सीलबंद आलेली पिशवी अथवा बाटली संपल्यावर संपूर्ण बदलतात, दुसऱ्यात पाच लिटरच्या कॅनमधून नरसाळ्याने द्रव ओततात. पहिला अधिक निर्धोक पण महाग आणि रिकाम्या पिशव्यांचा नवा कचरा निर्माण करणारा. दुसरा स्वस्त, आणि आपल्या भागात सर्वत्र चालणारा तोच.

दोष आहे तो याच दुसऱ्या प्रकारात, व तो पात्राचा नसून भरण्याच्या रीतीचा आहे. पात्रात बोटभर द्रव उरलेला असताना त्यावरच नवा ओतला, की तळाचा जुना अंश कधीच संपत नाही. त्यात न्हाणीघरातील पाणी शिरते, साबण पुरवावा म्हणून कोणी मुद्दामही पाणी घालतो, आणि पातळ झालेल्या द्रवातील जंतुरोधक द्रव्य निष्प्रभ होऊन साबणातच जंतू वाढू लागतात. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सार्वजनिक ठिकाणच्या अशा उघड्या भरावयाच्या साबणपात्रांपैकी सुमारे एक चतुर्थांश पात्रे जंतुदूषित असल्याचे नमूद आहे. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २००२ मध्येच आरोग्यसेवेतील हातधुणीविषयी मार्गदर्शन करताना, अर्धवट रिकाम्या पात्रात वरून भर घालू नये, असे स्पष्ट बजावले होते.

ताडोबाच्या परिसरात या दोषास ऋतूचीही साथ मिळते. मे महिन्यात येथील पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा बंद खोलीच्या भिंतीवरील द्रव पातळ होतो व झडपेच्या तोंडाशी सुकून पिवळसर कडे धरतो. ते कडे नखाने खरवडावे लागते. पुढे जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, पाहुणे रोडावतात आणि दमट हवेत तोच द्रव महिनोन्‌महिने पडून राहतो. ऑक्टोबरात पहिला पाहुणा येतो तो त्या शिळ्या द्रवावर. म्हणून हंगाम संपताच पात्रे रिकामी करून, उकळत्या नव्हे पण चांगल्या कढत पाण्याने धुऊन, उलटी घालून वाळवून ठेवणे हे कौले शाकारण्याइतकेच पावसाळ्यापूर्वीचे आवश्यक काम मानले पाहिजे. बोअरच्या जड पाण्याने झडपेत क्षार साचतात. त्यास लिंबाच्या सत्त्वाचे पाणी पुरते.

सिंदेवाही गावातील साध्या लॉजचा प्रश्न याहून वेगळा असतो. अशा लॉजवर कुपी क्वचितच असते. तेथे रुपया-दोन रुपयांची शॅम्पूची पुडी आणि कागदी वेष्टनातील लहान वडी देतात. पुडीची कल्पना तामिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये काढलेल्या उद्योगाच्या ‘चिक’ शॅम्पूने ती खेड्यापाड्यांत नेली, आणि ज्यांस पूर्ण बाटली परवडत नसे त्यांस ती वस्तू सुलभ झाली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु तिचे अनेक पदरी वेष्टन सुटे करता येत नाही व भंगारात त्यास कवडीमोलही किंमत नाही. गुटखा, तंबाखू व पानमसाला यांच्या प्लास्टिक पुड्यांस २०१६ च्या नियमांनी मनाई केली. शॅम्पूची पुडी त्यातून सुटली. रिसॉर्टातील कुपी नाहीशी झाली आणि गावातील पुडी तशीच राहिली, तर अरण्याच्या दृष्टीने काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

उरलेल्या वड्यांचाही विचार झाला आहे. अमेरिकेत ऑर्लँडो येथे २००९ मध्ये स्थापन झालेली ‘क्लीन द वर्ल्ड’ ही संस्था हॉटेलांतील वापरलेला साबण शुद्ध करून गरजूंस देते. मुंबईच्या परिसरात ‘सुंदरा’ या संस्थेने तसाच उपक्रम चालविला. विखुरलेल्या वननिवासांतून ओल्या वड्या गोळा करून दूर नेणे मात्र सोयीचे नाही. त्याऐवजी स्थानिक द्रव्यांकडे पाहणे अधिक फलदायी वाटते. जून-जुलैत मोहाच्या बिया वेचल्या जातात व त्यांचे तेल साबणास उत्तम चालते. करंजाचे तेल आणि रिठा हीही येथलीच. वडीसाठी कॉस्टिक सोडा व द्रवसाबणासाठी कॉस्टिक पोटॅश एवढाच मूलभूत भेद असून, जड पाण्यात असा द्रवसाबण साका धरतो व झडप तुंबवतो, म्हणून बचत गटांनी आरंभ वडीपासून करणे इष्ट. ती कागदात गुंडाळून, एका पाहुण्याच्या एका मुक्कामात संपेल एवढ्याच आकाराची कापली, तर उरण्याचा प्रश्नही मिटतो.

या सर्वांवरून निर्णय असा निघतो की, जेथे पात्रास कुलूप आहे, भरण्यापूर्वी ते रिकामे करून धुण्याचा शिरस्ता आहे, भरल्याची तारीख रोजकीर्दीप्रमाणे वहीत चढते आणि द्रव्याचे नाव पात्रावर वाचता येईल असे लिहिले आहे, तेथे भिंतीवरील पात्र निःसंशय श्रेष्ठ; आणि जेथे हा बंदोबस्त राखणे शक्य नाही, अशा चार-सहा खोल्यांच्या लॉजने अगर घरगुती निवासाने पात्राच्या मोहात न पडता कागदात गुंडाळलेली छोटी वडी द्यावी.