घाऱ्या डोळ्यांचं मूलद्रव्य

विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन मी एका प्रयोगशाळेत गेलो होतो. यंत्राशी बसलेल्या बाईंनी पाण्यात एका बाटलीतले थोडे थेंब टाकले. मी विचारलं, "हे काय घालताय?" त्या म्हणाल्या, "सीझियम क्लोराइड. सोडियम-पोटॅशियम मोजायचं तर घालावंच लागतं." घरी येऊन त्या नावाच्या मागे लागलो, तो थेट दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये, पाय धरल्यामुळे घरीच बसलेल्या एका माजी कॉन्सलच्या बैठकीत जाऊन पोचलो.

आधी ठाऊक असलेली गोष्ट उरकून टाकतो. न्यूटनने प्रकाश लोलकातून फोडला, फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा टिपल्या आणि १८६०च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं, की ज्योतीत पडलेलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रेघा उमटवतं. त्यांनी ६० घनमीटरच्या खोलीत, ज्योतीपासून लांबच्या कोपऱ्यात, ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा बार उडवला. काही मिनिटांत ज्योतीत सोडियमची पिवळी रेघ झळकली. मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम या पद्धतीने ओळखता येतं, असा हिशेब त्यांनी मांडला.

१८६० मध्येच ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. हाती धरण्याइतका ऐवज मिळवायला ४४,००० लिटर पाणी आटवावं लागलं. त्यातून निघालं अवघं ७.३ ग्रॅम सीझियम क्लोराइड! पुढच्या वर्षी लेपिडोलाइट या खनिजात गडद लाल रेघांचं रुबिडियम सापडलं.

आता खरी गंमत. दोन्ही नावांसाठी त्यांनी तळटीपेत दाखला दिला तो एकाच पुस्तकातल्या एकाच प्रकरणाचा: औलस गेलियसच्या 'नोक्टेस अटिकाए'मधल्या दुसऱ्या भागाच्या सव्विसाव्या प्रकरणाचा. त्यात पाय दुखत असलेल्या त्या माजी कॉन्सलला, फ्रोंटोला, भेटायला फावोरिनुस हा विद्वान येतो आणि तक्रार करतो, की डोळ्यांना रंगांचे जेवढे भेद कळतात तेवढे शब्द भाषेत नाहीत; त्यातून लॅटिन तर ग्रीकपेक्षा गरीब. फ्रोंटो उत्तरादाखल लॅटिनमधल्या लालांची यादीच वाचतो. त्यातला काळपट लाल तो 'रुबिडस'. पुढे 'सीझियस' येतो.

माझं मत असं, की हा दाखला नाव ठरल्यावर शोभेसाठी चिकटवलेला नाही. नावं त्या प्रकरणातूनच उचलली. बुन्सेनचे वडील ग्योटिंगेनला भाषाशास्त्राचे प्राध्यापक आणि मुख्य ग्रंथपाल होते. अशा घरातल्या माणसाला शब्दांत न मावणारे रंग दिसू लागले, तर तो हेच पान उघडणार. दोन नावं योगायोगाने एकाच पानावर सापडावीत, हे मला पटत नाही.

पण त्या पानाने त्याला चकवलं. 'सीझियस' म्हणजे आकाशाचा निळा, असा अर्थ बुन्सेनने घेतला. आधार काय, तर त्याच प्रकरणात दाखला दिलेला रोमन पंडित निगिडियस म्हणतो, की हा शब्द 'सीलम' म्हणजे आकाश यावरून आला. आता निगिडियसचाच मित्र सिसेरो काय लिहितो पाहा: मिनर्व्हाचे डोळे 'सीझियस', नेपच्यूनचे 'सेरुलियस'. सेरुलियस हा तर सरळ निळा. दोन्ही निळेच असते तर सिसेरोने ते वेगळे कशाला सांगितले असते?

इथे मराठी माणसाने वकीलपत्र घ्यावं. आपण 'घारा' कुणाला म्हणतो? फक्त डोळ्यांना. घारी साडी नसते, घारं आभाळ नसतं. सीझियसचंही तसंच, तो जवळजवळ नेहमी डोळ्यांबद्दलच येतो. जो शब्द डोळ्यांपलीकडे सहसा जात नाही, तो आकाशावरून कसा येईल? निगिडियसची व्युत्पत्ती ही कानाला गोड लागणारी लोकव्युत्पत्ती आहे. आणखी एक दावेदार आहे तो सीझर. या नावाची जी अनेक मुळं जुन्या रोमन चरित्रांत सांगितली आहेत, त्यांत एक 'सीझियस' डोळ्यांचंही आहे. पण तिथे डोळ्यांवरून सीझर आला म्हणतात, सीझरवरून सीझियम नव्हे. 'सीझियस' शब्दाचं मूळ आजही वादातच आहे. मी मात्र सीझियमला घाऱ्या डोळ्यांचं मूलद्रव्य म्हणतो.

रंगांवरून नावं ठेवायची रीत पुढेही चालली. १८६३ मध्ये फ्रायबर्गच्या राइश या शास्त्रज्ञाला रंगच ओळखता येत नव्हते, म्हणून वर्णपटातली रेघ बघायला त्याने सहकारी रिश्टरला बसवलं. रेघ दिसली निळीची, म्हणून इंडियम. आणि नीळ 'इंडिकम', म्हणजे हिंदुस्थानची. म्हणजे नाव आपलं, बारसं जर्मनीत.

त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षं लोक ज्योतीने टाकलेला प्रकाशच मोजत राहिले. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्शला रविवारी बागेत काम करताना सुचलं, की अणूंनी गिळलेला प्रकाश मोजावा. शिसं शोधायचं तर शिशाचाच दिवा लावायचा; ज्योतीतले शिशाचे अणू त्याचा प्रकाश जेवढा खातील तेवढं पाण्यात शिसं. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाला चालत नाही. ज्योतीऐवजी तापवलेली ग्राफाइटची नळी वापरली, की त्याच्या खालचंही कळतं.

आणि ते थेंब? तापलेल्या ज्योतीत पोटॅशियमचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात. मग आपल्या रेघेचा प्रकाश गिळत नाहीत आणि आकडा कमी दिसतो. सीझियम इलेक्ट्रॉन सोडण्यात त्याहून उदार. त्याच्या इलेक्ट्रॉनांची ज्योतीत एवढी गर्दी होते, की पोटॅशियम शाबूत राहतं.

अहवाल आणायला गेलो तेव्हा बाईंना ही सगळी कुळकथा ऐकवली. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "घारं-निळं काय घेऊन बसलात, यात तर काहीच रंग दिसत नाही."