बिबट्याचा धडा नगरच्या उसातून

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या शाळांमध्ये मुलांना बिबट्याबद्दल काय शिकवतात? अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाऊ नका. घराजवळ कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. दिसलाच, तर गर्दी करून घेरू नका. साध्या गोष्टी आहेत. पण त्या समजायला आधी मोठी किंमत मोजावी लागली, आणि त्यातला बराचसा अभ्यास आपल्या नगर जिल्ह्यात झाला.

२००१ नंतर शेजारच्या जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम जोरात सुरू झाली. बिबट्याचं घर जंगल, उसात दिसला म्हणजे वाट चुकला, अशी तेव्हाची समजूत. मोहिमेआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर ते १७ वर गेले. जिथे बिबटे सोडले, त्या भागांतही हल्ले वाढले. म्हणजे उपायच दुखणं वाढवत होता.

मग संशोधक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावले. जंगल नाही, सगळी शेती आणि वस्ती. तरी दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले. ते वाट चुकलेले नव्हते, तिथलेच रहिवासी होते. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा कुत्री, शेळ्या अशा माणसाजवळच्या जनावरांचा होता. एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के.

२०११ मध्ये मुंबईत वनविभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. अत्रेय त्यात होत्या. नुसते पिंजरे लावण्याऐवजी शाळा, वस्त्या, पोलीस आणि पत्रकारांशी बोलायला सुरुवात झाली.

आता आपल्या सुप्याकडे बघा. एका बाजूला एमआयडीसी, दुसरीकडे शेतं. पारनेर तालुक्यात बिबट्या दिसल्याचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि लगेच पिंजऱ्याची मागणी होते. मागणीमागची भीती खरी आहे. रात्री पाणी द्यायला शेतात जाणाऱ्याला ती कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण आपल्या मुलांना राष्ट्रीय उद्यानाची सहल वर्षातून एकदा मिळाली तर मिळाली, शेतातली पायवाट मात्र रोजची असते. मुंबईच्या मुलांना मिळणारा हा तास आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना आधी मिळायला हवा.