चालती जुनी गाडी बंद पडली, पुन्हा सुरूच होईना : आधी काय तपासायचं?

आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर आजही कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, सुमो, जुनी बोलेरो आणि ओम्नी रोजच्या कामाला जुंपलेल्या आहेत. वडाप, दुधाचे कॅन, बाजाराचा माल, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं यांच्याच जिवावर चालतं. अशी गाडी चालता चालता बंद पडली की बहुतेक जण एकच काम करतात, बॅटरी बसेपर्यंत स्टार्टर मारत राहतात. मग गाडी ओढून गॅरेजला जाते आणि तिथं अंदाजाने आधी बॅटरी, मग फिल्टर, मग नोझल, शेवटी पंप असा खर्च सुरू होतो. अनेकदा खोट असते एका सैल क्लिपची नाहीतर एका तुटक्या वायरीची. म्हणून आधी ठरवायचं एवढंच की इंजिनाला तेल मिळेना झालंय की करंट मिळेना झालाय.

त्याआधी गाडी सुरक्षित उभी करा. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते. त्यामुळे ब्रेक पंपासारखा परत परत मारू नका, एकदाच दाबून धरा. पुढे पेडल दगडासारखं लागलं तरी ब्रेक गेला असं समजू नका, दोन्ही पायांचा जोर लावला तर तो लागतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढायची नाही, काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. घाटात असाल तर गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, वळणाच्या मागे माणूस उभा करा. गाडीत पेशंट असेल तर बॉनेट उघडण्याआधी 108 ला फोन लावा, दुरुस्ती नंतर बघू. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदतीचा नंबर आहे.

गाडी कशी बंद पडली ते आठवा

निम्मं निदान इथंच होतं. गाडी आचके देत, ताकद सोडत, चढाला दम तोडत बंद पडली असेल तर संशय तेलावर. दिव्याचं बटण दाबल्यासारखी एकदम मेली असेल तर संशय करंटवर. खाड असा आवाज झाला असेल, टेम्परेचरचा काटा वर गेला असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर स्टार्टरला हातच लावू नका. गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता एकदाच स्टार्टर मारा, 10 सेकंदांपेक्षा जास्त नको. नुसती टकटक झाली किंवा मीटरचे दिवे विझले तर बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी धरलेलं किंवा हाताने फिरणारं टर्मिनल हे नेहमीचं कारण. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी जाड अर्थिंगची पट्टीही हलवून बघा, तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. मल्टिमीटर असेल तर बंद गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.4 ते 12.6 व्होल्ट दाखवते. चालू गाडीला 13.8 ते 14.4 च्या आसपास हवेत. चालू गाडीलाही 12 च्या आतबाहेर दिसत असतील तर डायनामो चार्ज करत नाही, तिथं नवी बॅटरी टाकून उपयोग नाही.

इंजिन नेहमीसारखं फिरतंय पण पेटत नाही, तर पुढे चला.

जुनी डिझेल गाडी

जुन्या डिझेल इंजिनाला चालायला हवा, दाब आणि डिझेल एवढंच लागतं. करंटचं काम फार थोडं. स्टार्टर मारताना एकाला सायलेन्सरकडे बघायला सांगा. धूर अजिबात नाही याचा अर्थ नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाही. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतोय तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इंजिन हळू फिरतंय, डिझेलमध्ये पाणी आहे किंवा दाब-टायमिंगची भानगड आहे. चालती गाडी बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा धूर नसतो.

धूर नसेल तर आधी पंप बंद करणारी यंत्रणा बघा. काही गाड्यांत ओढायची केबल असते. ती अर्धवट अडकून राहिली की पंपाची दांडी बंदवरच राहते आणि माणूस तासभर स्टार्टर मारत बसतो. रोटरी पंपाच्या गाड्यांत किल्लीवर चालणारा सोलेनॉइड असतो. पंपावर बसवलेला, एकच वायर लागलेला छोटा गोल तुकडा. किल्ली ऑन करून ती वायर काढा-लावा, आतून टक असा आवाज यायला हवा. आवाज नाही तर टेस्टर बल्ब लावून वायरीत करंट येतोय का बघा. करंट येत नसेल तर फ्यूज, किल्लीचा स्विच, तुटलेली वायर. करंट येऊनही टक होत नसेल तर सोलेनॉइड गेला. वायरच तुटली असेल तर बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज असलेली वेगळी वायर सोलेनॉइडला देऊन गाडी गावापर्यंत आणता येते. पण मग किल्लीने इंजिन बंद होणार नाही, ती वायरच काढावी लागेल. शेजारी बसलेल्यालाही हे सांगून ठेवा.

सोलेनॉइड ठीक असेल तर राहिली एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा. जुन्या गाड्यांचं हे सगळ्यात मोठं दुखणं, आणि ते डोळ्याला दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन डिझेल ओढून घेते. तिथं क्लिप सैल झाली किंवा रबरी पाइपला बारीक चीर पडली तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. लाइन कोरडी दिसते म्हणून मालक म्हणतो, लीक कुठं नाही.

तपासायचं असं. डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करा आणि प्रायमिंग पंप हाताने मारा. आधी फेस, बुडबुडे येतील. बुडबुडे संपून स्वच्छ डिझेल येऊ लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मोठ्या पंपावरही तसाच स्क्रू असेल तर तिथंही हेच करा. तरी धरली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या दोन पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. हात आणि डोळे लांब ठेवा. हे फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांना. कॉमन रेल म्हणजे सीआरडीआय गाडीत लाइनचा दाब 1000 बारच्या वर असतो, तिथं पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. त्या गाडीला पाना लावूच नका.

एअर काढल्यावर गाडी सुरू झाली पण 5-10 किलोमीटरवर परत तेच झालं, तर हवा अजून शिरतेय. इथं एक जुनी युक्ती फार कामाची आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून फीड पंपापेक्षा उंच, गरम भागापासून दूर बांधा आणि टाकीची लाइन काढून कॅनमधून पाइप थेट फीड पंपाला द्या. असं जागेवरच अर्धा तास इंजिन चाललं तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यातच आहे. पंपाचं काम काढायचा विषयच संपला. फक्त परत येणारी लाइन टाकीतच राहू द्या आणि कॅन रिकामा होऊ देऊ नका.

त्याच टप्प्यात अजून दोन गोष्टी. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल येणं थांबतं. झाकण उघडताच सूऽऽ असा आवाज आला आणि नंतर गाडी चालली तर खोट तीच. दुसरी टाकीतली घाण. गाळ जाळीला चिकटून गाडी बंद पडते, उभी राहिली की गाळ खाली बसतो आणि ती सुरू होते. मेस्त्रीसमोर ती कधी बंद पडतच नाही. शेतावर ट्रॅक्टरसाठी लोखंडी बॅरलमध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतणाऱ्यांच्या वाट्याला हे जास्त येतं. गंज आणि पावसाळ्यात साठलेलं पाणी बॅरलच्या तळाला असतं. फिल्टरखालचा नट सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी तळाला वेगळं दिसेल.

पेट्रोलची ओम्नी, 800

कार्बुरेटरच्या गाडीला ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही लागतं. एक जादा प्लग वायरीला लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि स्टार्टर मारा. वायर उघड्या हाताने धरू नका, आणि पेट्रोलचा वास येत असेल किंवा गॅसचं किट असेल तर हे करूच नका. निळी, टकटक उडणारी ठिणगी चांगली. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि स्टार्टर मारताना आतला रोटर फिरतोय का बघा. फिरत नसेल आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटला. मग धक्का मारायचा नाही, ओढूनच न्यायची.

गरम झाल्यावर बंद आणि अर्ध्या तासाने सुरू, असं रोज होत असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, हीच त्याची खूण. ठिणगी असूनही बंद पडत असेल तर उन्हाळ्यात पेट्रोलची लाइन तापून आत वाफ धरते. लाइनवर आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून थांबा, कॉइल-वायरीवर पाणी पडू देऊ नका. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद गुंऽऽ असा आवाज येतो. तो नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंप.

धक्का मारून गाडी सुरू होते ती बॅटरी-स्टार्टरचा दोष असेल तरच. डिझेल किंवा ठिणगीच नसेल तर चार माणसांचा दम जातो, बाकी काही होत नाही.

मेस्त्रीला फोन करताना "गाडी बंद पडलीय, या" एवढंच सांगू नका. एकदम बंद पडली की आचके देत, स्टार्टर फिरतो का, धूर येतो का, सोलेनॉइड टक करतो का, थंड झाल्यावर सुरू होते का, हे सांगा. तो येताना सामान त्या हिशोबाने आणतो. काढलेला पार्ट परत मागून घ्या. गाडीत 10, 12, 14, 17 नंबरचे पाने, टेस्टर बल्ब, दोन मीटर वायर, चार फ्यूज, दोन पाइप क्लिपा आणि एक डिझेल फिल्टर एवढं सीटखाली असू द्या.