तीन तासांची शाळा

जुलै १९५३ च्या अखेरीस मद्रास विधानसभेत प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकावर मतदान झालं. सरकारची नवी योजना रद्द करावी, असं म्हणणाऱ्या ठरावाच्या बाजूने १३८ मतं पडली आणि विरोधातही १३८च. सभापतींनी आपलं निर्णायक मत सरकारच्या पारड्यात टाकलं आणि ठराव पडला. पाठोपाठ दुसरा ठराव आला: योजना तूर्त थांबवा आणि तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तो मात्र मंजूर झाला. शाळा किती तास भरावी या प्रश्नावर एखादं सरकार एका मताने तगावं आणि वर्षभराच्या आत त्याच प्रश्नावरून मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागावं, अशी दुसरी गोष्ट निदान मला तरी माहीत नाही.

मुख्यमंत्री होते चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी. योजनेचं अधिकृत नाव ‘प्राथमिक शिक्षणाची सुधारित योजना’ असं होतं. ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळेचे रोजचे पाच तास कमी करून तीन करायचे. शाळा दोन पाळ्यांत भरवायची, निम्मी मुलं सकाळी, निम्मी दुपारी. उरलेल्या वेळात मुलाने घरी राहून बापाकडून त्याचा धंदा शिकायचा आणि मुलीने आईकडून स्वयंपाक नि घरकाम. ज्याच्या बापाकडे शिकवण्याजोगा धंदा नसेल, त्याला गावातल्या दुसऱ्या कारागिराच्या हाताखाली पाठवायचं. या ‘दुसऱ्या सत्रा’ची हजेरी घेतली जाणार नव्हती. गावाची साफसफाई, रस्त्यांची, बांधकामाची कामं हेही त्यात होतं.

आज हे वाचताना पहिल्याच फटक्यात राग येतो. तो क्षणभर बाजूला ठेवून आधी हिशेब पाहू, कारण हिशेब खरा होता.

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट सरकारांपुढे ठेवलं होतं. शिक्षक अपुरे, खोल्या अपुऱ्या, तिजोरीत खडखडाट. समजा एक शिक्षक आणि एक खोली आहे. पाच तास, चाळीस मुलं: दिवसाला दोनशे ‘मूल-तास’. आता तीन-तीन तासांच्या दोन पाळ्या करा. तोच शिक्षक, तीच खोली, ऐंशी मुलं: दोनशे चाळीस मूल-तास. एक पैसा न वाढवता दुप्पट मुलं शाळेत आली. मी दिवसभर सर्व्हरवरचा भार कसा वाटायचा हेच काम करतो, त्यामुळे या गणिताचा मोह मला चांगला कळतो. आहे त्या यंत्रावर दुप्पट वापरकर्ते बसवले की वरिष्ठ खूश होतात. शिक्षकाचे पाच तास सहा झाले आणि मुलाचे पाच तास तीन झाले, हे मात्र या आकड्यात दिसत नाही. बेरीज वाढली आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी आलं.

हा मोह राजाजींच्या आधीही अनेकांना झाला होता आणि त्यांतलं एक महत्त्वाचं नाव मराठी आहे. विधानसभेच्या ठरावानंतर ऑगस्ट १९५३ मध्ये जी तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ प्रा. रा. वि. परुळेकर. (‘सकाळ’चे नानासाहेब परुळेकर वेगळे आणि वारल्यांच्या लढ्यातले शामराव परुळेकर वेगळे.) आज हे नाव शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे कुणाला आठवत नाही. पण इंग्रजांपूर्वी या देशात किती लोकांना लिहिता-वाचता येत होतं, १८२०-३० च्या मुंबई इलाख्यातल्या देशी शाळा कशा होत्या, याचे कागद शोधून छापणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. ‘लिटरसी इन इंडिया’ हे त्यांचं पुस्तक १९३९ चं.

परुळेकरांची भूमिका समजायला थोडं मागे जावं लागतं. १९२९ मध्ये हार्टोग समितीने सांगितलं होतं की पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी फार थोडी चौथीपर्यंत पोचतात, बाकीची गळतात किंवा त्याच वर्गात अडकतात. तेव्हा नव्या शाळा काढण्यापेक्षा आहेत त्या सुधारा. ऐकायला शहाणपणाचा सल्ला. परुळेकर आणि त्यांच्यासारख्या मंडळींना त्यातला अर्थ दिसला तो असा: बहुसंख्य मुलं शाळेबाहेर आहेत, त्यांनी तिथेच थांबावं. आधी गुणवत्ता, मग प्रसार, असं म्हणणाऱ्याची स्वतःची मुलं बहुधा शाळेतच असतात. म्हणून परुळेकर संख्येच्या बाजूने उभे राहिले. मोठे वर्ग चालतील, पाळ्या चालतील, पण मूल शाळेत आलं पाहिजे. निम्म्यांना पूर्ण भाकरी देण्यापेक्षा सगळ्यांना अर्धी द्या, असा तो युक्तिवाद होता. तो उपाशी लोकांच्या बाजूने केलेला होता, हे विसरून चालणार नाही.

समितीत जामिया मिलियाचे कुलगुरू मोहम्मद मुजीबही होते. नोव्हेंबर १९५३ मध्ये अहवाल आला. योजना तत्त्वतः योग्य आहे, असा त्याचा कौल होता. म्हणजे आयुष्यभर बहुजनांच्या साक्षरतेसाठी झटलेल्या माणसाने त्या योजनेवर मोहोर उमटवली, जिला बहुजनांचे पुढारी ‘कुलक्कल्वी’ म्हणत होते: कुळाचं, म्हणजे जातीचं शिक्षण.

पेरियार यांचं द्रविडर कळघम आणि अण्णादुराईंचा द्रमुक या दोघांनी योजनेविरुद्ध रान पेटवलं. जुलै १९५३ च्या द्रमुकच्या तिहेरी आंदोलनातलं एक टोक राजाजींच्या घरापुढची निदर्शनं होती. काँग्रेसच्या आतही विरोध होता आणि त्याच्या केंद्रस्थानी कामराज होते. योजनेत ‘जात’ हा शब्द नव्हता, हे राजाजींचे समर्थक वारंवार सांगत. ते खरं होतं. पण १९५३ च्या खेड्यात ‘बापाचा धंदा’ म्हटल्यावर वेगळा शब्द लागतच नाही. चांभाराचा मुलगा दुपारी चामडं कापणार, धोब्याचा कपडे बडवणार, आणि गावातल्या वकिलाचा, कारकुनाचा, पुरोहिताचा मुलगा? त्याच्या बापाचा धंदाच लिहिण्यावाचण्याचा. त्याला शाळा तीन तास मिळाली तरी उरलेला दिवस घरी शाळाच होती. शिवाय योजना होती ग्रामीण भागासाठी. शहरातली पाच तासांची शाळा जागच्या जागी होती.

इथे वर्ध्याची आठवण होणं साहजिक आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने ‘नयी तालीम’चा आराखडा केला. त्यातलं वेळापत्रक मिनिटांसकट उपलब्ध आहे: मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं, मातृभाषेला ४० मिनिटं, संगीत-चित्रकला-गणित मिळून ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला अर्धा तास, व्यायाम १० मिनिटं, सुट्टी १० मिनिटं. एकूण साडेपाच तास. पुस्तकी विषयांचे तास मोजले तर वर्धा राजाजींपेक्षाही कंजूष आहे! पण दोन्हींत एक मूलभूत फरक होता. वर्ध्याचा चरखा शाळेच्या आत होता. ब्राह्मणाच्या मुलानेही तोच फिरवायचा आणि महाराच्या मुलानेही तोच, आणि शिक्षक त्या कामातून गणित काढून दाखवणार. मद्रासचा धंदा घराच्या आत होता. प्रत्येकाने आपापला करायचा आणि शिकवायला शिक्षक नाही. वर्ध्याला कामाची शाळा करायची होती. मद्रासच्या योजनेत शाळा संपल्यावर नुसतं काम उरत होतं.

मग शुद्ध शिकण्यापुरता प्रश्न विचारला तर? तीन तासांत मूल पाच तासांइतकं शिकतं का? हा वादही जुना आहे. इंग्लंडच्या १८४४ च्या फॅक्टरी कायद्याने आठ ते तेरा वर्षांच्या गिरणीतल्या मुलांना अर्धा दिवस काम आणि रोज तीन तास शाळा असा नियम केला. एडविन चॅडविक या सुधारकाने १८६० च्या सुमारास ठासून सांगितलं की ही अर्धवेळ मुलं पूर्णवेळ मुलांइतकंच शिकतात, कारण लहान मुलाचं लक्ष तीन तासांपलीकडे टिकतच नाही. लक्षाबद्दलचं त्याचं निरीक्षण पटण्यासारखं आहे. मात्र ज्यांना स्वस्तात पोरं कामाला हवी होती, त्या गिरणीवाल्यांनाही ते फार पटलं. अर्धवेळ पद्धत पूर्ण बंद करायला १९१८ चा कायदा यावा लागला.

आपल्या काळात हा प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला गेला आहे. चिलीने १९९७ मध्ये राजाजींच्या नेमकं उलट केलं: पाळ्यांच्या शाळा मोडून पूर्ण दिवसाची शाळा आणली, शाळेचा वेळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढवला. क्रिस्तियान बेयेई यांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात भाषा आणि गणित दोन्हींत फायदा दिसला, पण तो लहान होता. व्हिक्टर लेव्ही यांनी ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीची २००६ ची आकडेवारी घेऊन एकाच विद्यार्थ्याच्या वेगवेगळ्या विषयांचे तास आणि गुण ताडून पाहिले. जास्त तास म्हणजे जास्त गुण, हे त्यांनाही दिसलं. मात्र विकसनशील देशांत तोच जादा तास कमी फळ देतो, असंही दिसलं. याचा साधा अर्थ असा की वेळ कामाला येतो, पण तो वेळ भरणारं कुणी असेल तर. शिक्षक दुसऱ्याच कामात अडकलेला असेल किंवा एका खोलीत चार इयत्ता बसल्या असतील, तर तास वाढवून फक्त बाकावर बसण्याचा वेळ वाढतो.

म्हणजे चॅडविकही पूर्ण चूक नव्हता आणि परुळेकरही. तीन चांगले तास पाच वाईट तासांना भारी पडू शकतात. पण मद्रासच्या योजनेत ते तीन तास चांगले होतील, अशी तजवीज कुठे होती? शिक्षक तोच, दुप्पट मुलं, सहा तासांची ड्युटी. कमी केलेल्या तासांची भरपाई करायला कुणी नव्हतंच. ज्यांच्या घरी भरपाई होणार होती, त्यांना ती योजनेशिवायही होत होती.

मार्च १९५४ मध्ये राजाजींनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि मे महिन्यात योजना गुंडाळली गेली. पुढच्या काही वर्षांत कामराज सरकारने शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. याचं वर्णन नेहमी पटसंख्या वाढवणारी योजना असं होतं, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गरिबाचं मूल दुपारी घरी जायचं ते भुकेने, आणि घरी गेलं की तिथलं काम त्याला परत सोडायचं नाही. दुपारचं ताट शाळेत वाढलं की शाळेचा दिवस आपोआप लांबतो. राजाजींनी मुलाची दुपार घराच्या स्वाधीन केली होती, कामराजांनी ती जेवण देऊन परत शाळेत आणली. ‘शाळा किती तास’ या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर वेळापत्रकातून आलं नाही, स्वयंपाकघरातून आलं.

लवचिक वेळा म्हणजे नेहमी फसवणूकच, असंही नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने शेतकरी गावांत शाळेचे तास आणि हंगाम यांत शक्य तितकी मोकळीक द्यावी, असं सुचवलं होतं. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागितलं होतं ते किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण. त्यानंतर कितीतरी दशकांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. तिथेही मूल काम करत होतं. पण मूल कामावर आहे म्हणून शाळेने आपले तास कापून घेतले नाहीत, ती त्याच्यामागे गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळांमागेही हाच विचार होता.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन असा किमान आकडा आहे. भागाकार केला तर रोजचे चार तास येतात. राजाजींचे तीन आणि त्याआधीचे पाच यांच्या बरोबर मधे. दोन पाळ्यांच्या शाळा आपल्या शहरांत आजही भरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा शाळांची पहिली अडचण हीच होती की एका इमारतीत दोन शाळा राहतात, लहानांना उशिरा आणायचं तर मोठ्यांना कुठे बसवायचं? परुळेकरांनी आणीबाणीचा उपाय म्हणून सुचवलेली गोष्ट जागेच्या भावांमुळे कायमची झाली.

दरम्यान ज्यांना परवडतं त्यांनी आपला शाळेचा दिवस खासगीरीत्या वाढवून घेतला आहे. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, संध्याकाळी क्लास. तास वाढवल्याने शिकणं वाढतं का, या प्रश्नावर मध्यमवर्गाने आपलं उत्तर कधीच पैसे मोजून दिलेलं आहे. कमी तासांत भागतं, असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या मुलांबद्दल. १९५३ ची योजना पडली ती तीन तास कमी पडतात हे कुणी सिद्ध केलं म्हणून नाही. उरलेल्या तासांत कोणाचं मूल काय करणार, हे तिच्या विरोधकांना न सांगता कळलं होतं. शाळेच्या वेळेवरची कुठलीही नवी योजना आली की तिच्या तासांआधी मी तेच शोधतो: शाळा सुटल्यावर हे मूल कुठे जाणार आहे, आणि तिथे त्याची वाट कोण पाहतंय?